ऑल्टो सॅक्सोफोन शिकताना: खालचे सूर फुटतात आणि पेटीशी मेळ बसत नाही

काळी चार, ठाणे

जाणकारांना नमस्कार.

माझे वय ४४ आहे. लहानपणापासून गाणे शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा दिली. पुढे नोकरी आणि संसारात रियाज मागे पडला, तरी घरातली पेटी मात्र बंद पडू दिली नाही. सॅक्सोफोनची ओढ कॉलेजच्या दिवसांपासूनची आहे. मंगळुरूचे कद्री गोपालनाथ यांचे कर्नाटक संगीतातले वादन तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी ध्वनिफितीवर ऐकले होते. मैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य कानावर पडले आणि गोपालनाथ त्याच्या मागे लागले, असे पुढे वाचनात आले. त्यांनी जे केले त्याच्या शतांशाचीही माझी अपेक्षा नाही. आपल्या हातून एक भूप, एक यमन नीट वाजावा, एवढीच इच्छा आहे.

तीन महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांकडून, ज्यांच्या मुलाने शिकणे सोडून दिले होते, वापरलेला ऑल्टो सॅक्सोफोन तीस हजार रुपयांना घेतला. जवळपास शिकवणारे कोणी मिळाले नाही, म्हणून चित्रफिती पाहून रोज अर्धा तास वाजवते आहे. काही अडचणींवर मात्र मार्ग सापडत नाही.

मधला जी, ए आणि बी हे सूर बऱ्यापैकी लागतात. तिथून खाली उतरताना एफपर्यंत ठीक असते, पण ई आणि डी या सुरांवर आवाज गुळगुळतो आणि खालचा सी तर लागतच नाही; जोर केला की एकदम वरच्या सप्तकातला सूर निघतो. वरच्या भागात कधीकधी कर्कश चिरका आवाज येतो. खालच्या ओठाला आतून दातांचा वळ उठला आहे आणि वीस मिनिटांनंतर ओठ हुळहुळतो.

दुसरी अडचण सुरांच्या नावांची आहे. बोटांच्या तक्त्यात ज्याला सी म्हटले आहे तो सूर वाजवला आणि पेटीवर पांढरी एक दाबली, तर दोघांचा काहीही मेळ बसत नाही. माझा सॅक्सोफोन बेसूर आहे की माझी समजूत चुकते आहे? मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा. त्या स्वरात वाजवायचे असेल तर बोटे कुठे ठेवायची? या वयात पाश्चात्त्य स्वरलिपी शिकावी, की सरगमवर भागवावे, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये हीसुद्धा एक काळजी आहे.

---

बँडमधला ऑल्टो, नाशिक

ताई, नमस्कार. मी एका पोलीस बँडमध्ये अठ्ठावीस वर्षे क्लॅरिनेट आणि ऑल्टो वाजवून निवृत्त झालो. आपला प्रश्न दोनदा वाचला आणि पहिली शंका मला आपल्या वादनाची नव्हे, वाद्याची आली.

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी तो बोलतो रीडवर, म्हणजे माउथपीसला (तोंडात धरायच्या भागाला) बांधलेल्या, फुंकेने थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर, आणि त्याच्या अंगावर वीसहून अधिक छिद्रे आहेत. मधला जी वाजवताना वरच्या अंगाची मोजकीच छिद्रे मिटावी लागतात. खालचा सी वाजवताना मात्र जवळजवळ सगळीच घट्ट मिटलेली असावी लागतात. छिद्र झाकणारे एखादे पॅड केसभर जरी उघडे राहिले तरी आतल्या हवेचा स्तंभ तिथेच तुटतो, आणि मग सूर गुळगुळतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. आपण वर्णन केले आहे ते नेमके हेच. जीपासून सावकाश, जीभ न लावता, एकाच श्वासात एकेक सूर खाली उतरा. ज्या सुरावर आवाज पहिल्यांदा अडतो, त्याच सुराच्या पॅडमध्ये किंवा त्याच्या वरच्या एखाद्या पॅडमध्ये गळती असण्याचा संभव फार मोठा असतो. वापरलेले वाद्य घेतल्यावर ते एकदा जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय शिकायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गळक्या वाद्यावर शिकणारा माणूस नकळत अधिक जोराने फुंकतो आणि ओठ अधिक आवळतो, आणि पुढे वाद्य दुरुस्त झाले तरी त्या सवयी जायला वर्ष लागते.

आता ओठांविषयी. वळ उठतो याचा अर्थ आपण खालच्या जबड्याने रीड चावत आहात. वरचे दात माउथपीसच्या पाठीवर सरळ टेकवावेत. खालचा ओठ खालच्या दातांवर अगदी थोडा वळवून त्याची गादी करावी, आणि दाब खालून वर देण्याऐवजी ओठांचे दोन्ही कोपरे आत घ्यावेत, पिशवीचे तोंड नाडीने सगळीकडून सारखे मिटते तसे. माउथपीस फार कमी तोंडात घेतला तर आवाज कोंडलेला येतो आणि फार आत घेतला तर चिरका निघतो. रीड आणि माउथपीस एकमेकांपासून जिथे विलग व्हायला लागतात ती जागा बाजूने पाहून ठेवावी आणि खालचा ओठ साधारण तिथे यावा.

चावणे थांबले की नाही, हे पेटीवर तपासता येते. सॅक्सोफोन बाजूला ठेवून फक्त माउथपीस आणि त्याला जोडलेला नेक, म्हणजे वरची सुटी होणारी वाकडी नळी, एवढेच फुंका. ऑल्टोवर तो सूर काळी चारच्या आसपास येतो. योगायोगाने तो आपलाच षड्ज आहे, त्यामुळे आपल्या कानाला पेटीचीही गरज पडणार नाही. सूर त्याहून बराच चढा येत असेल तर ओठ आवळलेले आहेत, आणि उतरलेला, सैल येत असेल तर कोपरे सुटलेले आहेत. नुसता माउथपीस फुंकला तर तो वरच्या पांढरी सहाच्या जवळपास बोलतो. ही तपासणी पहिले काही महिने रोज करावी.

राहिला रियाज. भरती झाल्यावर पहिले कित्येक महिने आमच्या उस्तादांनी आम्हाला एकही धून दिली नाही. सकाळी उभे राहून एकेक सूर, पूर्ण श्वासाचा, न हलणारा, एवढेच चालत असे. त्या वेळी कंटाळा यायचा; आज कोणालाही शिकवायला बसलो की मी तिथूनच सुरुवात करतो. आपण गायिका आहात, म्हणून आपल्याला हे समजावणे सोपे आहे: हा खर्जाचा रियाजच आहे. पहाटे खर्ज लावताना गळा जसा मोकळा सोडता, घशात ओकाराची जागा करता आणि श्वास पोटातून सावकाश सोडता, तेच सगळे इथे करायचे आहे. फक्त सूर कंठाऐवजी रीडमधून निघतो. लयीचे यंत्र मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून जीपासून खाली प्रत्येक सूर आठ ठोके धरावा. सुरुवात हळू आवाजात, मधे भर, शेवट पुन्हा हळू. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटे याला द्यावीत. बोटांची चपळाई नंतर आपोआप येते, पण आवाजाची जात सुरुवातीच्या महिन्यांतच ठरते.

सूर सुरू करताना जिभेचे टोक रीडच्या टोकाला हलकेच स्पर्शून मागे घ्यावे, ‘तू’ किंवा ‘दू’ म्हणताना ते जसे हलते तसे. नुसत्या फुंकेच्या धक्क्याने सूर काढू नये.

---

म्हापसेकर

वरच्या उत्तरात आवाजाविषयी जे लिहिले आहे त्यात मला काही भर घालायची नाही, म्हणून मी पेटीच्या प्रश्नाकडे वळतो. आपला सॅक्सोफोन बेसूर नाही आणि आपला कानही चुकलेला नाही. सुरांची नावे वेगळी आहेत, इतकेच.

अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. त्याने एक वाद्य केले नाही, लहानमोठ्या वाद्यांचे कुटुंबच केले. एका आकाराच्या वाद्यावर शिकलेल्या वादकाला दुसऱ्या आकाराचे वाद्य हाती घेतल्यावर बोटे पुन्हा शिकावी लागू नयेत, म्हणून सगळ्या सॅक्सोफोनवर एकाच बोटांना एकच नाव दिले गेले. त्यामुळे कागदावर सी लिहिलेला असतो, बोटेही सीचीच असतात, पण ऑल्टोमधून ऐकू येतो तो ई फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन. टेनर या ऑल्टोहून मोठ्या सॅक्सोफोनवर त्याच बोटांनी काळी पाच ऐकू येते. आपण सीची बोटे ठेवून पेटीवर पांढरी एक दाबलीत, म्हणून दोन सुरांमध्ये भांडण झाले. काळी दोन दाबून पाहा.

ऑल्टोसाठी एक सोपा हिशेब आहे. आपल्याला जो सूर ऐकायचा आहे ती पट्टी पेटीवर शोधा, तिथून काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही धरून तीन पट्ट्या खाली उतरा, आणि तिथे जो सूर येईल त्याच्या इंग्रजी नावाची बोटे ऑल्टोवर ठेवा. आपला षड्ज काळी चार, म्हणजे जी शार्प. तिथून तीन पट्ट्या खाली जी, एफ शार्प, एफ. म्हणजे आपला सा ऑल्टोवरच्या एफवर आहे. कोणी पांढरी चारमध्ये गात असेल तर त्याचा सा डीवर येतो, पांढरी एकवाल्याचा एवर, काळी एकवाल्याचा बी फ्लॅटवर.

तुम्हाला एफ मिळाला हे फार चांगले झाले, आणि का ते सांगतो. एफवर सा धरला तर भूपाचे पाच स्वर एफ, जी, ए, सी, डी असे येतात. सगळी साधी बोटे. मग यमन घ्या. सा एफ, रे जी, ग ए, तीव्र मध्यम बी, प सी, ध डी, नी ई. शुद्ध मध्यमासाठी इथे बी फ्लॅटची वेगळी योजना करावी लागते, पण यमनचा मध्यम तीव्र असल्यामुळे तो साध्या बीवरच पडतो, आणि संपूर्ण राग एकाही जास्तीच्या चावीशिवाय वाजतो. ज्या दोन रागांची आपल्याला आस आहे तेच दोन आपल्या स्वरात या वाद्यावर सर्वांत सोपे बसतात. माझ्याकडे पेटीवरून आलेल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यातच त्यांच्या सा ची बोटे शोधून देतो, कारण आपल्या षड्जाशिवाय माणूस परक्या घरात बसल्यासारखा वाजवतो.

स्वरलिपीविषयी माझे मत थोडे आग्रहाचे आहे: शिका. सरगम सोडू नका, पण पाश्चात्त्य स्वरलिपीही शिका. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना गाण्याबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत असत, आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत इतके गोमंतकीय वादक दिसले त्याचे एक मोठे कारण हे वाचन होते. समोर कागद ठेवला की ते वाजवू शकत. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखा गोमंतकीय सॅक्सोफोनवादक जॅझमध्ये राग आणू शकला, तो दोन्ही भाषा जाणत होता म्हणून. सॅक्सोफोनसाठी अभ्यासाचे जे साहित्य उपलब्ध आहे, लांब सुरांपासून कठीण अलंकारांपर्यंत, ते बहुतेक सगळे याच लिपीत आहे. ऑल्टोसाठी फक्त ट्रेबल क्लेफ हे रेषांवरच्या सुरांच्या जागा ठरवणारे एकच चिन्ह लागते आणि वाद्याची नेहमीची व्याप्ती अडीच सप्तकांच्या आसपास आहे. रोज दहा मिनिटे दिली तर दोन-तीन महिन्यांत सोप्या ओळी वाचता येतात.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि गमक (सूर आंदोलित करणे) यांच्या मागे मात्र पहिल्या वर्षात लागू नका, मनात कितीही आले तरी. गोपालनाथांनी गमकांसाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आणि वाद्यातही बदल करून घेतले, तेही स्थिर सूर पूर्ण हाती आल्यावर. ओठ सैल करून सूर ओढण्याची सवय आधी लागली तर सूर धरण्याची सवय लागत नाही.

---

सूरप्रवासी, लीड्स

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि वयाच्या पन्नाशीत ऑल्टो शिकायला लागलो, त्याला चार वर्षे झाली. शेजाऱ्यांचा प्रश्न मलाही होता, कारण इथल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात.

पुष्कळ जण घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद टोकाच्या, तोंडात कापड कोंबायला सांगतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण सॅक्सोफोनचा आवाज फक्त तोंडातून बाहेर येत नाही. जे छिद्र उघडे असेल तिथूनही तो येतो. कापडाने उलट खालचे सूर अडतात, आणि तेच तर तुम्हाला आधी हवे आहेत. मी कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर दोन फुटांवर उभा राहतो, मागच्या दारावर जाड रजई टांगतो आणि दोन्ही शेजाऱ्यांना माझी वेळ सांगून ठेवली आहे. रोज एकच ठरलेली वेळ असली की लोक समजून घेतात, हा माझा अनुभव आहे. हळू वाजवण्याचा हट्ट मात्र सुरुवातीला धरू नका. दबून वाजवले की ओठ पुन्हा आवळले जातात.

रीड कितव्या नंबरची, म्हणजे किती कडक, वापरता ते तुम्ही लिहिलेले नाही. मी पहिल्याच दिवशी तीन नंबरची घेतली होती आणि सहा आठवडे वाया घालवले. सुरुवातीला दोन किंवा अडीच पुरे. मी आता कृत्रिम पदार्थाची रीड वापरतो. ती भिजवावी लागत नाही आणि रोज सारखीच वाजते.

---

बँडमधला ऑल्टो, नाशिक

कृत्रिम रीडविषयी माझे मत वेगळे आहे. ती सोयीची आहे हे खरे, पण नवशिक्याने पहिले वर्ष नैसर्गिक रीडच वापरावी, असे मला वाटते. अरुंडो डोनॅक्स नावाच्या, गवतकुळातल्या बोरूसारख्या पोकळ काडीपासून ती करतात, आणि तिचा स्वभाव रोज थोडा बदलतो. त्या बदलाबरोबर ओठांनी जुळवून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. दोन नंबरच्या चार रीड घ्याव्यात, त्यांना पाळीपाळीने वाजवावे, वाजवण्याआधी एक-दोन मिनिटे तोंडात किंवा पाण्यात भिजवावे आणि नंतर पुसून सपाट पट्टीवर ठेवावे. माउथपीसवरच सोडलेली रीड वाकडी होते. टोकाला टवका उडाला की ती टाकून द्यावी.

---

दुरुस्तीकाम, कोल्हापूर

माझ्याकडे लग्नाच्या बँडची वाद्ये दुरुस्तीला येतात, त्यात ऑल्टो आणि टेनर बरेच असतात. ताईंच्या वर्णनावरून एक गोष्ट त्यांनी आजच घरी तपासून पाहावी.

खालच्या डीची बोटे ठेवा आणि फुंकत असताना डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबा. वाद्य नीट असेल तर सुरात काहीच फरक पडता कामा नये, कारण उजव्या हाताची बोटे खाली असताना त्या पॅडला वरून दाबून धरण्याची व्यवस्था वाद्यातच केलेली असते. चावी दाबल्यावर सूर फुटला किंवा बदलला, तर तिथला छोटा स्क्रू सैल झाला आहे. वापरलेल्या वाद्यात खालचे सूर न लागण्याचे हे नेहमीचे कारण आहे आणि सरावलेल्या हाताला ते बसवायला पाच मिनिटे लागतात. स्वतः स्क्रू फिरवू नका. तो जास्त आवळला तर उजव्या हाताची पॅड उघडी राहतात आणि दुखणे वाढते.

हेच जी शार्पचे पॅड चिकटतेही फार. बाकीच्या बंद चाव्या बोटाने थेट उघडतात; ही मात्र एका अशक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडते, त्यामुळे लाळेतली साखर आणि दमट हवा यांनी थोडे जरी चिकटले तरी ती स्प्रिंग हरते. वाजवण्याआधी गोड खाऊ नये, चहा घेतला असेल तर चूळ भरावी. पॅड चिकटले तर त्याखाली स्वच्छ पातळ कागद ठेवून चावी हलकेच मिटावी आणि ओलावा टिपला गेला की ती उघडून कागद काढावा.

कारागिराकडे गेलात तर तो अंधारात वाद्याच्या पोटात बारीक दिवा सोडून कुठून उजेड फुटतो ते पाहतो. गळती दाखवण्याचा तो खरा मार्ग आहे, आपण समोर उभे राहून पाहावे. पॅड म्हणजे लोकर दाबून केलेल्या चकतीवर पातळ कातडे असते, आणि ते टोपीत बसवायला जुन्या पद्धतीत लाख वापरतात. मी अजूनही लाखच वापरतो, कारण उष्णता देऊन पॅड पुन्हा सरळ करता येते. सगळीच पॅड बदला, असे कोणी पहिल्या भेटीतच म्हणाले तर आधी दिवा दाखवायला सांगावे. आवश्यक तेवढीच बदलावीत.

ठाण्याच्या पावसाळ्यासाठी दोन शब्द. वाजवून झाल्यावर दोरीला बांधलेले कापड आतून ओढून घ्यावे, नेक वेगळा पुसावा, आणि वाद्य त्याच्या खोक्यात बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पंख्याखाली ठेवावे. आत घालून ठेवायचा लांब लोकरी दांडा मिळतो, तो दमट गावात मी वापरू देत नाही. तो ओलावा शोषतो आणि तोच ओलावा पॅडना परत देतो. नेक बसवताना त्याच्यावरची लांब चावी मुठीत धरू नये. ती वाकली की वरचे सप्तक बिघडते, आणि अशी वाकलेली चावी घेऊन नवशिके नेहमी येतात.

---

काळी चार, ठाणे

सर्वांना मनापासून धन्यवाद. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण नुसते आभार मानण्यापेक्षा करून पाहून काय झाले ते सांगावे असे वाटले.

जी शार्पची चावी दाबून पाहिली आणि डीचा सूर लगेच फुटला. मुंबईत एका कारागिरांकडे वाद्य नेले. त्यांनी दिवा दाखवला. जी शार्पजवळचा स्क्रू तर सैल होताच, शिवाय एफच्या पॅडखालूनही उजेडाची बारीक चंद्रकोर दिसत होती. स्क्रू बसवून आणि एक पॅड बदलून त्यांनी वाद्य त्याच दिवशी परत दिले. संध्याकाळी घरी येऊन जीपासून खाली उतरले तेव्हा ई आणि डी जागच्या जागी लागले, आणि मी बराच वेळ फक्त तो डी धरून उभी होते. तीन महिने मी स्वतःच्या फुंकेला दोष देत होते.

खालचा सी दोन आठवड्यांनी आला, त्याच्याही खालचा बी परवा आला, त्याखालचा बी फ्लॅट अजून येत नाही. नेकवरची तपासणी रोज करते. पहिल्या दिवशी माझा सूर काळी चारच्या बराच वर, पांढरी सहापाशी येत होता, म्हणजे मी किती आवळत होते ते कळले. आता तो षड्जाच्या जवळ उतरला आहे, ओठावरचा वळ गेला आहे, आणि चिरका आवाज क्वचितच येतो. रीड तीन नंबरची होती. ती बदलून दोनची घेतली. खर्जाची उपमा माझ्या फार उपयोगी पडली. घसा मोकळा सोडा असे चित्रफितींत अनेकदा ऐकले होते, पण ते करायचे कसे हे खर्ज म्हटल्यावर समजले.

एफवर सा धरून भूप वाजवू लागले आहे. त्यात एक नवी अडचण आली. पंचमावरून धैवतावर जाताना एका बोटावरून एकदम सहा बोटे आणि वर अंगठ्याची सप्तकाची चावी, असा सगळा हात पालटतो आणि मधे एक नको असलेला सूर निसटतो. शिवाय धैवत तंबोऱ्याशी ताडून पाहिला तर तो चढा लागतो, आणि थोडा कोंडलेलाही. बाकीचे स्वर जुळतात. हा माझा दोष आहे की पुन्हा वाद्याचा?

---

बँडमधला ऑल्टो, नाशिक

हा वाद्याचा स्वभाव आहे; मधला डी बहुतेक सॅक्सोफोनवर चढाच बोलतो. त्या सुराला जवळजवळ पूर्ण नळी मिटलेली असते आणि सूर वरच्या सप्तकाचा काढायचा असतो, म्हणून तो कोंडल्यासारखाही वाटतो. आपल्या षड्जात तो नेमका धैवतावर पडला, त्यामुळे भूपात तो लपवता येणार नाही.

दोन गोष्टी करा. आधी खालचा डी आठ ठोके धरा आणि मग घसा, ओठ, काहीही न हलवता फक्त अंगठ्याने सप्तकाची चावी उघडा. खालच्या डीच्या वेळी घशात जेवढी जागा होती तेवढीच वरच्या वेळी ठेवा. सूर उतरतो आणि मोकळाही होतो. लांब धैवतावर थांबायचे असेल तेव्हा डाव्या करंगळीने खालच्या बीची चावीही दाबून पाहा, त्याने डी आणखी किंचित खाली येतो. द्रुत फिरतीत हे जमणार नाही, तिथे कानाने आणि घशानेच सांभाळावे लागेल.

हात पालटताना निसटणाऱ्या सुरासाठी सी आणि डी हे दोनच सूर, प्रत्येकी चार ठोके, जीभ न लावता, मिनिटाला ५० ठोक्यांवर रोज पाच मिनिटे वाजवा. बोटे चाव्यांपासून उंच उचलू नका, ती चाव्यांवरच्या मोत्यांसारख्या बटणांवर टेकलेलीच राहू द्या. सहाही बोटे एका क्षणी पडली की मधला सूर नाहीसा होतो. बी फ्लॅटची घाई करू नका, बी भक्कम झाला की तो त्याच्या मागून येईल.